पापाला वाटेकरी



गेल्या खेपेला हळद शिजवण्यावर लिहिलं होतं. आजचा विषय अगदी वेगळा आहे आणि माझ्यासाठी अवघडही. माहेरच्या मंडळींनी अर्धवट वाचून लगेच फोन लावू नये म्हणून आधीच सांगून टाकते, मी धर्म बदललेला नाही. अंगणात तुळस आहे, गळ्यात माळ आहे, एकादशी आहे. पण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातली एक गोष्ट गेली काही वर्षं माझ्या डोक्यात घोळते आहे, आणि ती ख्रिस्ती धर्मातल्या पापक्षमेची गोष्ट आहे. ती का घोळते हे सांगायचं तर माझ्या नोकरीतली एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही. ती शेवटी सांगते. आधी इतिहास. काय करणार, पडले शाळेतली बाई!

सुरुवात आपल्या नर्सीपासूनच करू. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचं (१२७०-१३५०) हे जन्मगाव, असं आम्ही मानतो. पंढरपूरची आषाढी करून आलेले वारकरी पुढच्या वद्य एकादशीला नर्सीला येतात, तिला परतवारी म्हणतात. इथं पंजाबातून शीख मंडळीही येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. तर या नामदेवांबद्दल एक आख्यायिका लहानपणी आजीकडून ऐकली होती. नामदेव आधी वाटमारी करायचे. एकदा औंढ्याच्या नागनाथापाशी एक बाई आपल्या भुकेल्या लेकराला मारताना त्यांना दिसली. विचारलं तर कळलं की तिचा नवरा दरोडेखोरांनी मारलेल्या घोडेस्वारांत होता आणि घरात खायला काही नाही. मारणारे आपणच, हे नामदेवांना उमगलं आणि त्यांनी देवापुढे स्वतःवरच सुरी चालवली. अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना ही कथा मान्य नाही. हा दुसराच कुणी नामदेव असावा असं ते म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण आमच्या भागातल्या लोकांनी आपल्या लाडक्या संताबद्दल अशी कथा इतकी वर्षं का जपली असेल, याचं मला नेहमी नवल वाटतं. देवाच्या दारात सगळ्यांत वाईट माणसालासुद्धा जागा आहे, हे लोकांना ऐकायचं असतं, बाकी काय!

दुसरी गोष्ट वाल्या कोळ्याची. ही तर मी तिसरी-चौथीच्या वर्गाला पंचवीस-तीस वेळा तरी सांगितली असेल. एक खून केला की रांजणात एक खडा. असे सात रांजण भरले. मग नारदमुनी भेटले आणि म्हणाले, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का, ते घरी जाऊन विचारून ये. वाल्या घरी गेला. बायको म्हणाली, नाही. मुलं म्हणाली, नाही. इथं मी थांबायचे आणि वर्गाला विचारायचे, ‘‘का बरं नाही म्हणाले?’’ मुलं एका सुरात म्हणायची, ‘‘ज्याचं त्यानं भोगायचं!’’

ज्याचं त्यानं भोगायचं. आपल्या हाडीमाशी खिळलेलं वाक्य आहे हे. त्यात न्याय आहे, जबाबदारी आहे. पण वाल्याच्या जागी उभं राहून ऐकलं तर फार एकटं करणारं आहे.

आमच्या शाळेत एक ख्रिस्ती शिक्षिका होत्या, मूळच्या जालन्याकडच्या. जालन्याला आपल्या हिंगोलीसारखीच निजामाच्या काळात छावणी होती. आपल्याकडे पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून टिकून आहेत ती त्या छावणीमुळेच. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली होती. हे शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झालेले. बाईंच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म तेव्हापासूनचा. फार शांत बाई. एकदा माझ्या वर्गाबाहेरून जाताना त्यांनी वाल्याची गोष्ट ऐकली आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना सहज म्हणाल्या, ‘‘तुमची गोष्ट जिथं थांबते ना, तिथून आमची सुरू होते. वाल्याला सगळे नाही म्हणाले. आमच्याकडे एक जण हो म्हणाला.’’

तेव्हा मी हसून विषय बदलला. पण नंतर वाटलं, ख्रिस्ती धर्माचं सार इतक्या थोडक्यात आणि आपल्या भाषेत मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. येशू पापाला वाटेकरी झाला. तोही चार आण्यांचा नाही, पूर्ण सोळा आण्यांचा. बायबलात इब्री लोकांस पत्र म्हणून एक भाग आहे, त्यात हाच मुद्दा एखाद्या वकिलासारखा मांडला आहे. यहुदी लोकांत पापांसाठी दर वर्षी बळी दिला जाई. पत्र लिहिणारा विचारतो की त्याने पाप खरंच धुऊन निघत असतं, तर पुन्हा पुन्हा बळी द्यायची गरज का पडली असती? उलट दर वर्षीच्या विधीने पापाची दर वर्षी नव्याने आठवणच होते. ख्रिस्ताचा बळी मात्र एकदाच, सगळ्यांसाठी आणि कायमचा. पुन्हा हिशेब नाही.

ऐकायला सोपं आहे. पण यावर विश्वास ठेवून निर्धास्त होणं किती अवघड असतं, हे पाहायचं तर रमाबाईंकडे वळू.

रमाबाई जन्मल्या १८५८ साली, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे सगळं कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत हिंडलं. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. रमाबाईंनी नंतर लिहिलेल्या आत्मकथनात हा काळ वाचताना पोटात कालवतं. पाप जावं, पुण्य लाभावं म्हणून या लोकांनी काय केलं नाही? व्रतं केली, उपास केले, नद्यांत स्नानं केली, होतं नव्हतं ते दानात दिलं. मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. हातात काही उरलं नव्हतं आणि मजुरी करायची सवय नव्हती. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

यात त्या आईवडिलांची टिंगल करावी असं मला कधी वाटलं नाही, रमाबाईंनीही केली नाही. इतकी सचोटीची माणसं! पण इतकं सगळं करूनही ‘आता पुरे, झालं’ असं त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढचं तीर्थ, पुढचं व्रत शिल्लकच राहिलं.

पुढचा भाग तुम्हाला माहीत असेल म्हणून भरभर सांगते. १८७८ साली कलकत्त्याला विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केलं. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत नवराही कॉलऱ्याने गेला. वय अवघं तेवीस. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या.

तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला आपलं एक केंद्र पाहायला पाठवलं. समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथं राहत आणि भगिनी त्यांची प्रेमाने सेवा करत. अशा बायकांना कुणी जवळ करतं हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. आपल्याकडे अशा बाईचं काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली. विहिरीवर भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई. पाच नवरे झालेले, सहावा नवरा नव्हे. सगळं ठाऊक असून येशू तिच्याशी बोलतो, तिच्या हातचं पाणी मागतो. आपल्यासारख्या शिवाशिवीच्या देशातल्या बाईला ‘पाणी मागितलं’ या दोन शब्दांत काय काय दिसलं असेल, विचार करा.

२९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात किती गदारोळ झाला तो इथं सांगत बसत नाही. मला ज्या गोष्टीने धरून ठेवलं ती पुढची आहे. कारण आपल्याला वाटतं, बाप्तिस्मा झाला, ख्रिस्ती झाल्या, संपली गोष्ट. रमाबाई स्वतः सांगतात की नाही संपली. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली तेव्हा अगदी प्रांजळपणे कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता.

ही आठ वर्षं काही रिकामी नव्हती बरं का. याच काळात त्या अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहिला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर गाजलेलं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदासदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, हिच्यासारखी खंबीर बाई नाही. आत मात्र प्रश्नच प्रश्न होते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचला की कळतं, ही बाई कुणाचं काही निमूटपणे ऐकून घेणारी नव्हती. पटेल तेवढंच घेणार, न पटेल तिथं वाद घालणार. पण वाद घालून सिद्धान्त पटतो, मन निवांत होत नाही. पाप अजून आत आहेच, मग बाप्तिस्म्याने नेमकं काय झालं, हा सल राहिलाच.

मग १८९१च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन पडलं. या हॅसलमची गोष्ट मोठी गमतीची आहे. कॉर्नवॉलमधल्या बाल्ड्यू गावच्या चर्चचा हा पाद्री. वर्षानुवर्षं प्रवचनं देणारा. १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्याच मनात उतरलेलं नाही, आणि त्याच प्रवचनात ते उतरलं. समोर बसलेला एक जण ओरडलाच की पाद्रीबाबांचं परिवर्तन झालं! रमाबाईंना हे वाचून धक्का बसला. पाद्री असून असं होऊ शकतं, मग मी? त्यांनी बायबल पुन्हा वाचायला घेतलं. आणि त्यांना जे उमगलं ते असं की क्षमा ही मिळवायची गोष्टच नाही, ती दिलेली आहे. लाखो जन्मांचे फेरे नकोत, बाईच्या जन्माला आले म्हणून पुरुषाचा जन्म मिळेपर्यंत थांबायला नको, पंडिता असणं नको, पुरेसं चांगलं होणंसुद्धा नको. आहे तशी, आत्ता, पूर्ण. ज्या बाईचं बालपण तीर्थामागून तीर्थ करण्यात गेलं, तिला हे किती मोठं वाटलं असेल!

जर्मनीतल्या मार्टिन लूथरचंही असंच झालं होतं. त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ला पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध आपली ९५ कलमं मांडली, हे आपण इतिहासात शिकतो आणि शिकवतो. पण त्याआधीचा तरुण मठवासी लूथर तासन्‌तास पापांची कबुली देत बसायचा आणि खोलीवर पोचेपर्यंत त्याला आणखी एक पाप आठवायचं, हे आपण शिकवत नाही. खरं तर तिथूनच सगळं सुरू होतं.

आता याची दुसरी बाजू. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यामागे ज्यांचा मोठा हात होता ते फादर नेहेम्या गोऱ्हे. मूळचे नीळकंठशास्त्री, जन्म १८२५, वाढले काशीत, प्रकांड पंडित, कोकणस्थ ब्राह्मण. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले. सहा दर्शनांवर टीका करणारा त्यांचा षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ १८६० साली निघाला. रमाबाईंना त्यांनी इंग्लंडला जे दीर्घ पत्र पाठवलं, त्याने आपल्या शंका फिटल्या असं रमाबाईंनी स्वतः नोंदवलं आहे. दुसऱ्याच्या शंका फेडणारा हा माणूस. पण त्यांच्या स्वतःच्या मनातल्या शंकांनी आणि आपण अपात्र आहोत या टोचणीने त्यांना अखेरपर्यंत सोडलं नाही. अतिशय कडक, विरक्त आयुष्य जगले. इंग्लंडमधल्या एका संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहिले, पण कायमची व्रतं कधीच घेतली नाहीत. १८९५ साली ते मुंबईत वारले. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी गोऱ्हे, आई लहानपणीच गेल्यामुळे परक्या घरी वाढलेली. तिने लिहिलेलं एक इंग्रजी भजन जगभरच्या चर्चमधून गायलं गेलं, आणि ते भजन आहे देवाच्या सान्निध्यात मिळणाऱ्या विसाव्याबद्दल. बापाला जो विसावा मिळाला नाही तो लेकीच्या गाण्यात आला.

म्हणजे बघा, एकच धर्म, एकच ग्रंथ, दोघंही संस्कृत पंडित, दोघंही प्रामाणिक. एकाने क्षमेवर विश्वास ठेवला म्हणजे ती खरी मानली. दुसरीने तिच्यावर भार टाकला. आपण खाटेची दोरी तपासून ‘पक्की आहे’ म्हणतो ती एक गोष्ट आणि तिच्यावर अंग टाकून झोपतो ती दुसरी. गोऱ्ह्यांना कमी लेखायचा माझा हेतू नाही हं. उलट मला त्यांच्याबद्दलच जास्त जवळीक वाटते. का, ते पुढे येईलच.

भार टाकल्यावर रमाबाई हातपाय पसरून बसल्या का? मुळीच नाही. १८९३ साली शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार सोडून गेले, तरी त्या डगमगल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली आणल्या. आपण स्वतः अशा दुष्काळात भुकेने वणवणलो होतो हे त्या विसरल्या नव्हत्या. केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. १९००च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. आणि तिथंच त्यांनी एक वेगळी वास्तू काढली, फसवल्या गेलेल्या, ‘पतित’ म्हणून हाकललेल्या बायकांसाठी. नाव ठेवलं कृपासदन. फुलहॅमला पाहिलेलं, सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर. नाव वाचा पुन्हा. ‘सुधारगृह’ नाही, ‘पश्चात्तापगृह’ नाही. कृपासदन. स्वतःचा हिशेब मिटला आहे याची खात्री असलेल्या बाईलाच दुसरीचा हिशेब न मागता दार उघडता येतं, असं मला वाटतं.

१९०५च्या जूनमध्ये मुक्तिसदनात मोठी धर्मजागृती झाली. मुली प्रार्थनेत रडून रडून आपली पापं बोलून दाखवू लागल्या, आणि मग तितक्याच आनंदाने गाऊ लागल्या. आपल्याला हे जरा जास्त वाटेल, मलाही वाटलं. पण ज्या पोरींना आयुष्यभर ‘पांढऱ्या पायाची’, ‘नवऱ्याला खाल्लं’ असं ऐकवलं गेलं, त्यांच्या अंगावर न केलेल्या पापांचाही केवढा बोजा असेल! तो एकदाचा उतरला तर रडू येणार नाही तर काय? रमाबाईंनी शेवटची वर्षं बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. मनोरमा १९२१ साली गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. ते बायबल मुक्तिसदनातल्या बायकांनीच छापलं आणि १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झालं.

असो. आता माझी गोष्ट.

१९७९ साल असेल. एका गावातल्या शाळेत मी नवीनच होते. वेरूळच्या सहलीचे पैसे मुलांकडून जमा करत होते. त्यातले सदतीस रुपये कमी आले. तेव्हा सदतीस रुपये म्हणजे पुष्कळ. माझा संशय एका मुलावर गेला. आईबाप ऊसतोडीला जाणारे, पोरगं आजीपाशी राहायचं, सहलीला नाव दिलं नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं, आणि हेच मला आज सगळ्यांत जास्त टोचतं. सकाळच्या परिपाठाला सगळ्या शाळेसमोर मी त्याचं दप्तर उलटं केलं. त्यात एक पाटी, दोन वह्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. पैसे निघाले नाहीत. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही.

दोन महिन्यांनी हजेरीपत्रकाचं खाकी वेष्टन बदलताना आतल्या घडीतून त्या नोटा निघाल्या. मीच ठेवल्या होत्या. मंडळी, इथवर चूक होती. पाप पुढे आहे. मी कुणालाही सांगितलं नाही. हेडमास्तरांना नाही, त्या पोराच्या आजीला नाही. नवी नोकरी, लोक काय म्हणतील. पैसे हिशेबात जमा केले आणि गप्प बसले. पुढे बदली झाली.

पस्तीस वर्षांनी परतवारीला नर्सीत तो भेटला. फराळाच्या पंगतीत वाढत होता. ‘‘बाई, वळखलं का?’’ म्हणाला. शाळा सुटली ती सुटलीच, पण पुढे त्याने किराणा दुकान टाकलं होतं, मुलगी बारावीला होती. मी त्याला बाजूला घेतलं आणि तिथंच मांडवाच्या खांबाला धरून सगळं सांगितलं. नोटा सापडल्याचंही. त्याने ऐकून घेतलं. जरा वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाई, मी ते कवाच सोडून दिलं. तुमी अजून धरून बसल्या का?’’

त्याने माफ केलं होतं. पूर्ण. मी मागायच्या आधीच. आणि मी काय केलं? दर वर्षी परतवारीला त्याच्या मुलीसाठी पाकीट न्यायला लागले. पुस्तकांना, फीला, दिवाळीला. पहिल्या वर्षी त्याने घेतलं, दुसऱ्या वर्षी नको म्हणत घेतलं. चौथ्या वर्षी पाकीट माझ्या हातात परत ठेवून म्हणाला, ‘‘बाई, हप्ते भरायलाव का?’’

मी गप्पच झाले. घरी आले तर जालन्याच्या त्या बाई आठवल्या, आणि खूप दिवसांपूर्वी वाचलेल्या रमाबाई पुन्हा काढून वाचल्या. तेव्हा ती आठ वर्षं पहिल्यांदा नीट कळली. कर्ज माफ झाल्याचा कागद हातात असताना हप्ते भरणारी माणसं असतात. वरून ते सद्गुणासारखं दिसतं. आत मात्र त्यात एक आढ्यता असते. तू दिलेली क्षमा मला पुरेशी नाही, माझं मी फेडीन. आणि तो बिचारा दर वर्षी मला बघून त्या परिपाठात पुन्हा उभा राहत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दर वर्षीचा बळी दर वर्षी पापाची आठवण करून देतो, हे त्या इब्री पत्रवाल्याने केव्हाच सांगून ठेवलं होतं. म्हणून म्हटलं, मी गोऱ्ह्यांच्या पंगतीतली.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल, मग फुकटच्या क्षमेने माणूस निर्ढावणार नाही का? हा प्रश्न मलाही पडायचा. बायबलातच जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. लोकांना लुबाडणारा माणूस. येशू त्याला म्हणतो, आज मी तुझ्या घरी उतरणार. त्यानंतर जक्कय आपण होऊन म्हणतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन. क्रम बघा. आधी पाहुणा घरी आला, मग तिजोरी उघडली. परतफेड करून त्याने क्षमा विकत घेतली नाही, क्षमा मिळाली म्हणून हात सुटला. मी सगळं उलट्या क्रमाने करत होते. आणि खरी परतफेड, म्हणजे ज्या लोकांसमोर त्याला चोर ठरवलं त्या लोकांना सांगणं, ते मात्र कधी केलंच नाही. पाकीट देणं त्याहून सोपं होतं.

म्हणून हे लिहिते आहे. त्या शाळेतले काही जण हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. त्या मुलाने चोरी केली नव्हती. पैसे माझ्याकडेच होते आणि मला ते माहीत झालं होतं. हे लिहिण्याआधी त्याला फोन करून विचारलं. म्हणाला, ‘‘लिवा की बाई. माझं नाव तेवढं घालू नका.’’ घातलेलं नाही.

देवाची क्षमा कशी असते हे मी काय सांगणार? रमाबाई म्हणतात पूर्ण आणि कायमची. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने विठोबाचं नाव घेतलं असतं आणि बहुतेक तेच सांगितलं असतं. पण वाल्याच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा कुणी असतो का, याचं उत्तर मला कोणत्याही देवळात मिळायच्या आधी नर्सीच्या मांडवात, भगर वाढणाऱ्या एका माणसाकडून मिळालं, आणि ते ओळखायला मला चार वर्षं आणि एका ख्रिस्ती बाईचं पुस्तक लागलं.

त्यानंतरच्या परतवारीला पाकीट नेलं नाही. पंगतीत बसले. त्याने भगर वाढली, वर आमटी घातली आणि म्हणाला, ‘‘अजून घ्या की बाई.’’ घेतली.

बाकी पुढच्या वेळी. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची कृती राहिली आहे, ती नक्की लिहिते.